चोवीस तास चालणाऱ्या लाईनवरचा बॅच कोडिंग प्रिंटर कसा सांभाळायचा

बाटलीवर, पाऊचवर नाहीतर खोक्यावर तारीख, बॅच नंबर, एमआरपी मारणारा तो छोटा प्रिंटर असतो ना, कन्व्हेअरच्या कडेला स्टँडवर उभा, त्याच्याबद्दल लिहितोय. फिलिंग मशीनच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही, पण तो बंद पडला की लाईन उभी राहते, कारण कोड नसलेली बाटली कुणी गोडाऊनला घेत नाही. उत्पादनाचा महिना-वर्ष आणि एमआरपी छापायची सक्ती लीगल मेट्रॉलॉजीच्या २०११ च्या पॅकेज्ड कमोडिटीज नियमांतच आहे, खाण्यापिण्याचा माल असेल तर एफएसएसएआयचे २०२० चे लेबलिंगचे नियम वेगळे. त्यामुळे "आज असंच जाऊ दे, उद्या बघू" हा रस्ता इथे बंदच आहे.

मी एमआयडीसीत बॉटलिंग लाईनवर मेंटेनन्सला आहे, तीन शिफ्ट, सीझनला रविवारपण चालू. बरंचसं शिकलो ते रात्रपाळीतच, एका हातात मॅन्युअल आणि दुसऱ्या हातात टॉर्च धरून. आणि एक गोष्ट मला पक्की पटलीये: हा प्रिंटर चालून चालून फारसा बिघडत नाही, तो बिघडतो थांबवताना. मधेच लाईट गेली, दर चहाला कुणीतरी बंद-चालू केला, सुट्टीच्या आदल्या रात्री घाईत मेन स्विच ओढला, आणि मग सकाळी पहिल्या शिफ्टला नोझल चोकअप. म्हणून खाली सगळ्यात जास्त मी थांबवण्याबद्दलच लिहिलंय, बाकीचं त्याच्या आजूबाजूला.

आधी आत काय चालतं ते

हे सगळं सीआयजे म्हणजे कंटिन्युअस इंकजेटबद्दल आहे. व्हिडिओजेट, डॉमिनो, लिंक्स, मार्केम-इमाजे, हिताची, कुठलाही असला तरी मूळ तत्त्व एकच. पंप इंकला दाब देऊन हेडमधल्या (हेड म्हणजे बाटलीसमोर असलेला, पाईपने मशीनला जोडलेला भाग) नोझलमधून बाहेर ढकलतो, नोझलचं भोक साधारण केसाच्या जाडीएवढं, साठ-सत्तर मायक्रॉनच्या आसपास. पाण्याची बारीक धार आपोआप थेंबांत तुटते हे तुम्ही नळाखाली बघितलंच असेल, त्याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १८७८ मध्येच मांडून ठेवलंय. इथे फरक एवढाच की धार कशीही न तुटता एकसारखी तुटावी म्हणून आत एक पिझो क्रिस्टल सेकंदाला साठ हजारापासून लाखभर वेळा थरथरत असतो. थेंब तुटतो त्याच क्षणी चार्ज इलेक्ट्रोड त्याला लागेल तेवढा चार्ज देतो, पुढे काही हजार व्होल्टच्या दोन प्लेटांमधून जाताना तो थेंब वळतो आणि बाटलीवर ठिपका पडतो. ज्या थेंबाला चार्ज दिला नाही तो सरळ जाऊन गटरमध्ये, म्हणजे इंक परत ओढणाऱ्या नळीच्या तोंडात पडतो आणि परत टाकीत येतो.

आता ह्यातून काय निघतं ते बघा. प्रिंट होवो न होवो, जेट म्हणजे इंकची धार चालूच असते, इंक फिरत असते. गटरमधून इंकबरोबर हवापण ओढली जाते आणि त्या हवेबरोबर इंक पातळ ठेवणारं सॉल्व्हंट उडून जातं, बहुतेक इंकमध्ये ते एमईके (मिथाईल इथाईल किटोन) असतं, जे ऐंशी डिग्रीच्या आतच उकळतं, म्हणजे उडायला एकदम सोपं. सॉल्व्हंट उडालं की इंक घट्ट होते, मग मशीन मेकअपच्या बाटलीतून थोडं थोडं सॉल्व्हंट ओढून पातळपणा सांभाळतं. म्हणूनच इंक कमी लागते आणि मेकअप जास्त, आणि लाईन रिकामी चालली तरी मेकअप संपत राहतो. नवीन माणसाला हे कोडं वाटतं, "साहेब, प्रिंटिंग नाही तरी बाटली कशी संपली", गळतीच असेल असं नाही.

मशीन चांगलं असताना त्याचे आकडे लिहून ठेवा

हे काम कुणी करत नाही आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोगी हेच पडतं. प्रिंटर नवा असताना किंवा नुकतीच सर्व्हिस झालेली असताना, अर्धा-एक तास चालू देऊन स्क्रीनवरचे आकडे वहीत उतरवा: प्रेशर, व्हिस्कॉसिटी (इंकचा घट्टपणा), इंकचं तापमान, फेज, पंपाचा स्पीड, रनिंग आवर्स, तुमच्या मशीनवर जे दिसत असेल ते. एक चांगला छापलेला नमुना चिकटवा, जेट गटरमध्ये कुठे पडतो त्याचा मोबाईलवर जवळून फोटो काढून ठेवा. पुढे सहा महिन्यांनी पंपाचा स्पीड चढायला लागला, म्हणजे तेवढंच प्रेशर द्यायला पंपाला जास्त राबावं लागतंय, की समजायचं फिल्टर भरत आलाय. जुना आकडा लिहिलेला नसेल तर आजचा आकडा चांगला की वाईट हे कळणारच नाही.

शिफ्ट बदलताना दहा मिनिटं

तीन शिफ्ट म्हणजे तीन हात, आणि खरा गोंधळ हातांच्या बदलात होतो. जाणारा आणि येणारा दोघं मशीनपाशी एकत्र उभे राहिले पाहिजेत, लॉकर रूममध्ये सांगून भागत नाही. बघायचं एवढंच:

पहिलं, छापलेली बाटली हातात घ्या आणि कोड मोठ्याने वाचा, तारीख, बॅच, एमआरपी, एक्सपायरी. नजर फिरवून वाचलेलं वाचलं जात नाही. दुसरं, इंक आणि मेकअपची लेव्हल, बाटलीवरची एक्सपायरी. तिसरं, जेट चालू असताना कव्हरच्या कडेला आणि हेडच्या तोंडाशी इंक जमलीये का. चौथं, मागच्या आठ तासांत किती वेळा बंद-चालू केला आणि कुठला अलार्म आला, आला आणि गेला तरी लिहायचं. पाचवं, कॅबिनेटच्या पंख्यासमोर कुणी खोका, पोतं, जॅकेट ठेवलंय का, हसू नका, थंडीत हे कायम होतं.

रात्रपाळीची एक खास गोष्ट. रात्री बारा वाजता प्रिंटरमधली तारीख आपोआप बदलते, पण तुमच्या कंपनीचा प्रॉडक्शनचा दिवस सकाळी सहा किंवा सातला बदलत असेल तर एकाच बॅचवर दोन तारखा पडतात. बहुतेक प्रिंटरमध्ये दिवस कधी बदलायचा ती वेळ सेट करता येते, डेट रोलओव्हर म्हणतात. ती कितीला लावलीये हे क्यूसीला विचारून एकदाच ठरवा आणि प्रिंटरच्या दारावर चिकटवा. तसंच एक्सपायरीचं, सहा महिने आणि एकशे ऐंशी दिवस ह्या दोन वेगळ्या तारखा येतात, मेसेज बनवताना कुठलं निवडलंय ते तपासा. आणि बदली मशीन किंवा कपाटातून काढलेलं मशीन लावलं की सगळ्यात आधी घड्याळ बघायचं, बॅटरी गेलेली असली तर ते मागच्या कुठल्यातरी वर्षात असतं.

थांबवणं: इथे सगळ्यात जास्त लक्ष द्या

क्लीन स्टॉप म्हणजे काय तर स्टॉपचं बटण दाबलं की मशीन लगेच मरत नाही, ते नोझलमधून सॉल्व्हंट फिरवतं, गटरची लाईन ओढून मोकळी करतं, मग शांत होतं. मॉडेलप्रमाणे काही मिनिटं जातात. ह्या मिनिटांत कुणी मेन स्विच बंद केला तर नोझलमध्ये आणि गटरमध्ये इंक तशीच राहते आणि एमईकेची इंक वाळायला वेळ लागत नाही.

आमच्याकडे एकदा नेमकं हेच झालं. शनिवारी रात्री लाईन संपली, वरून निरोप आला की सगळं बंद करून निघा, एका नवीन पोराने स्टॉप दाबला आणि लगेच बोर्डावरून स्विच ओढला. त्याची चूक म्हणणार नाही मी, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सोमवारी सकाळी जेट वाकडा, गटर फॉल्ट, तीन वेळा धुतलं, नोझल अनब्लॉक केलं, लाईन सुटायला दुपार झाली. त्या दिवसानंतर मी प्रिंटरची प्लग टॉप वेगळ्या सॉकेटला घेतली, त्यावर लाल पट्टी लावली आणि मराठीत लिहिलं, स्क्रीनवर थांबलं असं आल्याशिवाय हात लावू नये. तेव्हापासून तसा प्रकार झालेला नाही.

मग किती वेळासाठी बंद करायचं? माझा हिशोब असा आहे, तुमच्या मशीनच्या मॅन्युअलशी ताडून बघा. जेवणाची सुट्टी, बाटलीचा साईझ बदलणं, अर्धा-पाऊण तासापर्यंतचं काहीही असेल तर जेट चालूच ठेवायचा, फक्त प्रिंट बंद. थोडा मेकअप जाईल, जाऊ दे. त्याहून जास्त वेळ असेल तरच क्लीन स्टॉप, आणि एकदाच. कारण प्रत्येक बंद-चालूला धुण्यासाठी वापरलेलं सॉल्व्हंट शेवटी टाकीतच जातं. दिवसात आठ-दहा वेळा बंद-चालू केलंत की इंक पातळ होते, प्रिंट फिकं पडतं, व्हिस्कॉसिटी लो चा अलार्म येतो, टाकी भरल्याचा अलार्म येतो, आणि लोक त्यावर परत बंद-चालू करतात म्हणजे आणखी पातळ. अशा वेळी उपाय एकच, जेट चालू ठेवून तासन्‌तास तसंच फिरू द्यायचं, जास्तीचं सॉल्व्हंट उडेपर्यंत.

लाईट जाणं हा आपल्याकडे कायमचा विषय. डीजी सेट सुरू होईपर्यंतचे ते सेकंदसुद्धा जेट पाडायला पुरतात. ह्या प्रिंटरला वीज फार लागत नाही, साधारण दोनशे वॅटच्या आतबाहेर, म्हणजे एक चांगला छोटा ऑनलाईन यूपीएस भरपूर झाला. त्याने लाईन चालवायची नाहीये, क्लीन स्टॉप पूर्ण होईल एवढाच वेळ हवाय. मी कुणालाही खर्च सुचवताना दहा वेळा विचार करतो, पण हा खर्च न विचारता करा. आणि यूपीएसची बॅटरी सहा महिन्यांनी तपासा, खरोखर प्लग काढून, दिवा हिरवा दिसतोय म्हणून नाही.

दिवाळीची चार-पाच दिवसांची सुट्टी असेल तर क्लीन स्टॉप, हेड पूर्ण धुऊन कोरडं करून कव्हर लावून ठेवायचं आणि पहिल्या शिफ्टच्या एक तास आधी कुणीतरी येऊन जेट चालू करायचा. पांढरी किंवा पिवळी पिगमेंटची इंक असेल तर गोष्ट वेगळी, ती खाली बसते, गाळ होतो, म्हणून तिला सुट्टीतसुद्धा मधे एकदा येऊन चालवावी लागते, सिक्युरिटीवाल्यांना आधी सांगून ठेवा. महिना-दोन महिने मशीन पडून राहणार असेल तर मात्र घरगुती उपाय नको, इंक काढून सिस्टीम फ्लश करायची कंपनीची पद्धत असते, तीच पाळा.

हेड धुणं, एकेक पायरी

किती दिवसांनी? चोवीस तास चालत असेल तर मी दिवसातून एकदा नीट तपासतो आणि गरज असेल तरच धुतो. धुळीची जागा असेल, सिमेंट, मसाला, पीठ, तर शिफ्टला एकदा. विनाकारण धुणंपण नुकसानच आहे, वर सांगितलं तसं सॉल्व्हंट आत जातं.

१. क्लीन स्टॉप, पूर्ण होऊ द्या. गॉगल घाला. हातमोज्यांबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, ते निळे पातळ नायट्राईलचे मोजे एमईकेपुढे टिकत नाहीत, ब्युटाईल रबरचे टिकतात. नायट्राईलच असतील तर शिंतोडा पडल्या पडल्या बदला.

२. कव्हर काढा आणि धुवायच्या आधी बघा. फोटो काढा. इंक कुठे जमलीये ह्यावरून आजाराचं कारण कळतं, धुतलं की पुरावा गेला. नोझलच्या तोंडाशी जमली असेल तर थांबताना-सुरू होताना गळतंय, प्लेटांवर असेल तर थेंब नीट तुटत नाहीयेत किंवा बाटली फार जवळ आहे, गटरच्या एका बाजूला असेल तर जेट सरकलाय.

३. हेड खाली तोंड करून ट्रेवर धरा. वॉश बॉटलमध्ये त्याच इंकचं सॉल्व्हंट किंवा त्या कंपनीचं क्लीनर पाहिजे. पेंटच्या दुकानातला थिनर आणू नका, त्यात काय काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही, आतल्या सीलची वाट लागते.

४. बारीक धार, वरून खाली: नोझल, मग चार्ज इलेक्ट्रोडची फट, मग प्लेटा, शेवटी गटरचं तोंड. गटरमध्ये धार मारत बसू नका, बाहेरून पुसल्यासारखं करा.

५. सुई, तार, पिन, काडी, काही म्हणजे काही नोझलमध्ये घालायचं नाही. त्या भोकाची कड एकदा ओरखडली की जेट जन्मभर वाकडाच. चोक निघत नसेल तर मशीनमध्ये नोझल अनब्लॉक किंवा बॅकफ्लश असतं, नोझलच्या तोंडाशी सॉल्व्हंटची धार धरायची आणि मशीन ते आत ओढून घेतं. तीन-चार वेळा करा, मधे पाच मिनिटं भिजू द्या. कापूस आणि घरचं फडकंपण नको, धागे सुटतात, लिंट-फ्री वाईप घ्या.

६. कव्हर आतून धुवा. हे नव्वद टक्के वेळा राहतं, कव्हरच्या आत वाळलेली इंक पुन्हा प्लेटांवर पडते आणि लोक म्हणतात आत्ताच तर धुतलं होतं.

७. वाळवा. हाताने दाबायचा रबरी ब्लोअर मिळतो तो वापरा. कॉम्प्रेसरची एअर गन मारू नका, त्यात तेल आणि पाणी दोन्ही येतं. दोन-तीन मिनिटं तसंच राहू द्या. ओल्या प्लेटांवर हाय व्होल्टेज आलं की ईएचटी, म्हणजे प्लेटांचा हाय व्होल्टेज पुरवठा, ट्रिप होणार, हमखास.

८. जेट चालू करा, टॉर्चने बघा, धार गटरच्या मधोमध जातेय का. मग पाच-सहा रिकाम्या बाटल्यांवर छापा, मग लाईन.

इंक आणि मेकअप

ज्या इंकचा जो मेकअप तोच घाला, रंग सारखा, वास सारखा म्हणून चालत नाही. बाटली जुनी आधी संपवायची, नवी मागे. स्टोअर पत्र्याच्या शेडमध्ये असेल आणि उन्हाळा विदर्भातला असेल तर खरंच वेगळी थंड, हवेशीर जागा बघा. मेकअपचा महिन्याचा खप तासांवर भागून लिहीत जा. माझ्याकडे एकदा हा आकडा हळूहळू दीडपट झाला, कुणाच्या लक्षात नाही, शेवटी कारण सापडलं की हेडमधून गटरला जास्त हवा ओढली जात होती, सेटिंग कुणीतरी बदललेलं. पैसे तर गेलेच, वर ते सगळं एमईके शेडच्या हवेत जात होतं आणि आमचीच माणसं ते श्वासात घेत होती, ह्याचं मला जास्त वाईट वाटलं.

तास मोजा, महिने नको

मॅन्युअलमध्ये अमुक फिल्टर अमुक तासांनी किंवा एवढ्या महिन्यांनी असं दिलेलं असतं. आपण महिने धरतो आणि फसतो. एका शिफ्टचं गणित करा: आठ तास, महिन्याचे सव्वीस दिवस, २०८ तास. चोवीस तास चालणारं मशीन महिन्याला ७२० तास चालतं, म्हणजे जवळजवळ साडेतीनपट. एका शिफ्टवाल्याचं एक वर्ष तुमचं साडेतीन महिन्यांत संपतं, आणि तुमचं एक वर्ष ८७६० तासांचं असतं. एएमसी (वर्षाचा देखभालीचा करार) करताना पण हेच बोला, "वर्षातून दोन व्हिजिट" हे एका शिफ्टच्या कारखान्याला ठीक आहे, तुम्हाला व्हिजिट तासांवर ठरवून मागा.

मी काय करतो, मार्करने कॅबिनेटच्या आतल्या बाजूला लिहितो, पुढचा मेन फिल्टर किती तासांना, सर्व्हिस मॉड्युल किती तासांना, आणि त्याच्या दोनशे तास आधी स्टोअरला इंडेंट टाकतो. दोनशे तास म्हणजे तुमच्याकडे आठच दिवस हो, तेवढ्यात पार्ट यायला पाहिजे, न येणारा असेल तर पाचशे धरा. कॅबिनेटचा हवेचा फिल्टर मात्र आठवड्याला काढून झटकायचा-धुवायचा, पूर्ण वाळवून लावायचा, त्याला तासबिस काही नाही. हेडला पॉझिटिव्ह एअर (धूळ आत येऊ नये म्हणून दाबाने सोडलेली हवा) दिली असेल तर तिच्या लाईनवरचा तेल-पाण्याचा फिल्टर रोज ड्रेन करा.

उन्हाळा, पावसाळा

बहुतेक एमईकेवाले प्रिंटर पाच ते पंचेचाळीस डिग्रीसाठी बनवलेले असतात. मे महिन्यात पत्र्याखाली, श्रिंक टनेलच्या (प्लॅस्टिकचं आवरण गरम करून आवळणारं मशीन) शेजारी पंचेचाळीस सहज होतं. प्रिंटर टनेलपासून लांब घ्या, हेडची पाईप तेवढी लांब असते. पावसाळ्यात वेगळा ताप, थंड भरलेल्या बाटलीवर दव जमतं आणि ओल्या पृष्ठभागावर इंक बसत नाही, हाताने पुसलं की कोड गायब. तिथे हेड धुऊन, इंक बदलून काही होत नाही, हेडच्या आधी बाटली वाळवणारा एअर नाईफ लावावा लागतो, आणि त्या हवेचा झोत हेडवर येणार नाही असा.

प्रिंटकडे बघून आजार ओळखणं

अक्षरं आडवी ताणली किंवा चेपली असतील तर प्रिंटरला हात लावू नका, तो लाईनच्या स्पीडचा प्रश्न आहे, एन्कोडरचं (लाईनचा स्पीड मोजून प्रिंटरला सांगणारं) चाक घसरतंय नाहीतर पट्टा. अक्षराची उंची कमी-जास्त होतेय तर बाटली आणि हेडमधलं अंतर मोजा, साधारण दहा-बारा मिलिमीटर असतं, गाईड रेल ढिली होऊन बाटली डोलत असते. अंतर बरोबर असून उंची कमी असेल तर प्लेटा घाण किंवा प्रेशर-व्हिस्कॉसिटी बिघडलीये, वहीतले आकडे काढा.

गटरच्या बाजूची ठिपक्यांची ओळ कापली जातेय म्हणजे सगळ्यात कमी वळलेले थेंब गटरच्या कडेला आपटतायत, जेटचं अलाइनमेंट बघा. अक्षराच्या आजूबाजूला बारीक शिंतोडे, भुरभुर, तर थेंब नीट तुटत नाहीयेत, इंक पातळ-घट्ट झालीये किंवा मॉड्युलेशन (त्या पिझो क्रिस्टलच्या थरथरीचं सेटिंग) हललंय, आणि हे दोन्ही ठीक असेल तर स्टॅटिक बघा. प्लॅस्टिकचा पट्टा आणि पेट बाटल्या घासून चार्ज होतात, थेंबपण चार्ज असतो, मग तो नको तिथे वळतो. कन्व्हेअरचं आणि प्रिंटरचं अर्थिंग मल्टिमीटरने तपासा, पेंटवर वॉशर दाबून केलेलं अर्थिंग हे अर्थिंग नसतं, पेंट खरवडा.

गटर फॉल्ट वारंवार येत असेल तर आधी जेट डोळ्यांनी बघा. धार मधोमध असूनही येतोय तर ओढच कमी आहे, पाईप चेपलीये का, हेडची पाईप कुणी टायने करकचून बांधलीये का ते बघा, अर्ध्या वेळा तेच असतं. सेन्सर, बोर्ड हे सगळं नंतर.

एमईकेशी वागताना

ह्याचा फ्लॅश पॉईंट शून्याच्या खाली, उणे नऊच्या आसपास आहे, म्हणजे आपल्या कुठल्याही मोसमात त्याची वाफ पेट घेऊ शकते, आणि ती हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. मशीनपासून दहा फुटांवर खाली वेल्डिंग चालू असताना हेड धुऊ नका. ओले वाईप झाकणाच्या लोखंडी डब्यात, उघड्या कचऱ्यात नाही, आणि ट्रेमधलं उरलेलं गटारात ओतायचं नाही, हा घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांप्रमाणे तो नोंदवून परवानाधारक एजन्सीलाच द्यावा लागतो. डोळ्यात गेलं तर पंधरा मिनिटं पाण्याने धुवा आणि डॉक्टरकडे न्या, त्यासाठी आयवॉश कुठे आहे हे नाईट शिफ्टच्या प्रत्येक हेल्परला माहीत हवं. कंत्राटी पोरं रोज बदलतात, म्हणून रोज सांगायचं, कंटाळा करायचा नाही.

जवळ काय ठेवायचं

एका डब्यात वॉश बॉटल, ट्रे, वाईप, रबरी ब्लोअर, गॉगल, भिंग, टॉर्च, एक सुटा फोटोसेन्सर, एन्कोडरचं चाक, मेन फिल्टर आणि इंक-मेकअपची एकेक शिल्लक बाटली. दुसरा प्रिंटर स्टँडबाय असेल तर त्याला कपाटात झोपवू नका, आठवड्याने आलटून पालटून लावा, नाहीतर गरजेच्या दिवशी तोच आधी बंद पडतो.

सर्व्हिस इंजिनीअरला रात्री फोन करायची वेळ आलीच तर आधी हे हाताशी घ्या: मॉडेल आणि सीरियल नंबर, रनिंग आवर्स, अलार्मचा नेमका मजकूर, प्रेशर-व्हिस्कॉसिटी-तापमान आत्ताचं आणि वहीतलं, शेवटचा फिल्टर कधी बदलला, आज किती वेळा बंद-चालू झालं. ह्याबरोबर दोन फोटो, एक खराब प्रिंटचा आणि एक कव्हर काढलेल्या, न धुतलेल्या हेडचा. मी हे असं पाठवायला लागल्यापासून बऱ्याच वेळा समोरच्याने फोनवरच सांगून मशीन चालू करून दिलंय, त्याला पहाटे चाळीस किलोमीटर गाडी मारावी लागली नाही.